न तपासलेली विहीर

बाबांच्या कबरीवरचे गवत काढून होईपर्यंत वेनलुंगचा फोन अकरा वेळा वाजला होता. दर वेळी तो चार पावले बाजूला जायचा, वाऱ्याकडे पाठ करून "हो साहेब, पाचच्या आत, नक्की" म्हणायचा, आणि परत आल्यावर कोयता हातात घेऊन नुसताच उभा राहायचा. पितरांसाठी आणलेले, कोंबडीचे रक्त लावलेले पिवळे कागद शेवटी धाकट्या युतेनेच एकट्याने कबरीवर दगडांखाली दाबले. त्यातला एक वाऱ्याने उचलला तो थेट वेनलुंगच्या छातीवर जाऊन चिकटला. पांढऱ्या शर्टावर डाग पडला.

"बाबा काहीतरी सांगतायत, दादा," युते म्हणाला.

"युते, आज थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय? सहा महिने पाऊस नाही. बाबांनासुद्धा तहान लागली असेल."

आई, म्हणजे न्यूकमोई, अगरबत्त्या वाऱ्यापासून सांभाळत बसली होती. तिने मान वर न करता दोघांना गप्प केले. "बापाच्या डोक्यावर उभं राहून भांडू नका. घरी जाऊन भांडा. जेवण तयार आहे."

तिच्यामागे लीच्यू उभी होती, दोघा भावांच्या मधली. एक्कावन्न वर्षांची, बिनलग्नाची, आणि कंपनीतल्या पाण्याबद्दल जे काही कळायचे ते सगळे जिला कळायचे अशी. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. तिचाही फोन हातातच होता, पण तो वाजत नव्हता. कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आ-च्वानचा निरोप यायचा होता आणि तो येत नव्हता.

आमच्या चूतुंग गावात त्या मार्चात सगळ्यांचेच असे झाले होते. सरकारने भाताचे पाणी तोडले होते. नळ दिवसाआड यायचे. पण सायन्स पार्कमधल्या चिपच्या कारखान्यांना पाण्यावाचून एक तासही चालत नाही, म्हणून रस्त्याने रात्रंदिवस टँकर धावत होते. त्यातल्या एका कारखान्याचे पाणी शुद्ध करायचे काम बाबांच्या कंपनीकडे होते. हे पाणी पिण्याचे नव्हे, चिपच्या चकत्या धुण्याचे. त्यात क्षार नको, माती नको, जंतू नको, विरघळलेली हवासुद्धा नको. अब्ज भागांत एक भाग कचरा निघाला तरी तो गुन्हा. आणि गेले नऊ दिवस तो निघत होता. कुठून येतो ते कळत नव्हते. चकत्यांवर छापलेल्या बारीक रेघा वरून फुगत होत्या, टोपी घातल्यासारख्या, आणि दोन दिवसांचा माल भंगारात गेला होता.

कारखान्याच्या चुआंगसाहेबांनी रविवार असूनही सांगून ठेवले होते: आज पाचच्या आत कारण लेखी हवे, आणि जबाबदार माणसाचे नाव हवे. कारखान्याच्या नव्या इमारतीच्या पाण्याचे काम कोणाला द्यायचे ते उद्या ठरणार होते. एक बडी परदेशी कंपनी दारात टपून बसली होती.

वेनलुंगच्या बॅगेत अहवाल तयार होता. त्यात नाव होते लीच्यूचे.

---

जेवायच्या आधी स्वयंपाकघरात शूह्वे कबरीवर नैवेद्य दाखवून आणलेली कोंबडी तोडत होती. शूह्वे वेनलुंगची बायको. पंचवीस वर्षे ती या घरात होती आणि तेवढीच वर्षे इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे. दोन्हीकडे ती एकच गोष्ट शिकली होती. विचारल्याशिवाय बोलायचे नाही.

आज मात्र तिची सुरी सारखी हाडावर अडकत होती. नणंद शेजारीच आंबट संत्र्याची चटणी बशांमध्ये वाढत होती, आणि ती बशी नीट ठेवून परत उचलत होती, परत ठेवत होती.

"लीच्यू," शूह्वे शेवटी म्हणाली, "त्यानं अहवाल लिहिलाय."

"ठाऊक आहे वहिनी. माझ्याच खोलीतल्या प्रिंटरवर काढला. एक पान खराब निघालं ते तिथंच टाकून गेला."

"मग तू काही म्हणाली नाहीस?"

"काय म्हणू? 'आराखड्यातील त्रुटी. जबाबदार अभियंता फान लीच्यू हिला पदावरून दूर केले आहे.' वाक्य चांगलं जमलंय त्याला. शाळेत निबंधात नापास व्हायचा."

शूह्वेला हसू आले आणि लगेच रडूही. हे नाव एकदा पार्कात फिरले की लीच्यूला कुठल्याही कारखान्याचे फाटक उघडणार नाही, हे औषधे विकणाऱ्या बाईलाही कळत होते. अठ्ठावीस वर्षांचे काम एका ओळीत जाणार. आणि या बाईकडे दुसरे काय होते? नवरा नाही, मूल नाही, एक मांजर होते तेही गेल्या वर्षी वारले.

"मी त्याच्याशी बोलू?"

"नको. तो वाईट नाही, वहिनी. घाबरलाय. ऐंशी माणसं आहेत कंपनीत. त्याला वाटतं एक गेलं तर ऐंशी वाचतील." तिने चटणीची बशी एकदाची खाली ठेवली. "पण चूक माझी नाही. ते मला माहीत आहे. आराखडा बरोबर आहे. बाहेरून येणाऱ्या पाण्यातच काहीतरी आहे. कुठल्यातरी टँकरमध्ये."

तेवढ्यात आई आत आली, लोणच्याच्या मोहरीच्या पानांचे सूप चाखून पाहिले, आणि दोघींकडे संशयाने बघितले. "काय कुजबुजताय? तोंडं अशी का? सूप उचला."

---

सूप नेहमीसारखेच अप्रतिम होते. युतेने तिसऱ्यांदा घेतले. "शहरात हजार हॉटेलं आहेत, पण अशी मोहरी कुठं नाही. आई, तू ह्याचं दुकान काढ. पाणी-बिणी सोडून दे ह्या दोघांवर."

"तू तुझी संत्री बघ," वेनलुंग म्हणाला. टेबलाखाली त्याचा डावा पाय शिवणयंत्रासारखा हलत होता. त्यामुळे वाट्यांमधले सूपही हलत होते.

"मी संत्रीच बघतो. आणि विहीर. तीन आठवडे रोज दहा टँकर भरून देतोय तुला. आभार तरी मान."

ही विहीर बाबांनी खणलेली, घरामागची. कंपनी याच विहिरीच्या पाण्यावर उभी राहिली. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बाबा तिच्या काठावर हसत उभे आहेत. दुष्काळ पडला तेव्हा आईच म्हणाली होती, परक्यांच्या विहिरी कशाला धुंडाळता, घरची आहे ना. युतेला तर त्या दिवशी झोप लागली नाही. शेतात राहिलेला, घराण्यातला कमी शिकलेला तो, आणि आज कंपनी त्याच्या दारात पाणी मागायला आली होती.

लीच्यूचा फोन थरथरला. सगळ्यांचे हात थांबले. ती ऐकत राहिली, दोनदा "परत सांग" म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला.

"युरिया," ती म्हणाली. "सगळ्या टँकरच्या नमुन्यांत नाही. एकाच ठिकाणच्या."

"कुठल्या?" वेनलुंगचा पाय थांबला.

"आपल्या विहिरीच्या."

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजवला.

"अशक्य," वेनलुंग म्हणाला. "मी स्वतः मीटर बघितलंय. इतकं चांगलं पाणी आख्ख्या जिल्ह्यात नाही."

"मीटर क्षार मोजतं, दादा, त्याला युरिया दिसतच नाही. त्याच्यावर विजेचा भार नसतो. इतका लहान असतो की पडद्यातून निसटतो, क्षार ओढणाऱ्या रेझिनच्या दाण्यांना चिकटत नाही, जंतू मारायच्या दिव्यानं जळत नाही. मीटर म्हणतं शुद्ध, आणि तो मजेत पुढं जातो. म्हणून मी म्हणत होते, प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची कार्बनची तपासणी करा, तिच्यात हा सापडतो. बाकी सगळ्यांची झाली. एकाचीच राहिली."

"बाबांच्या विहिरीची तपासणी?" वेनलुंगचा आवाज चढला. "आईसमोर? लोक काय म्हणाले असते, पोराला बापाच्या पाण्याचा भरवसा नाही?"

"म्हणून तू 'गरज नाही' असं लिहून सही केलीस."

"मी केली. कोणीही केली असती!" आणि हे खरेच होते. आमच्याकडे बापाने खणलेल्या विहिरीचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायला फार निगरगट्ट पोर लागते. वेनलुंग एकदम धाकट्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि ती दिसली याची शूह्वेला लाज वाटली. "किती गोण्या टाकल्यास?"

"काय?"

"युरियाच्या. शेतात. किती?"

"एकही नाही! संत्र्याला मी दोन वर्षं शेंगदाण्याची पेंड घालतोय. आणि बाग विहिरीच्या खाली उताराला आहे दादा, पाणी वर चढत जातं का?"

"पाणी वर चढत नाही, मग युरिया आभाळातून पडला? पाऊससुद्धा पडत नाही इथं!"

"वा! सकाळी मला म्हणालास ताईची चूक, आता माझी. तुझी कधी असते ते आधी कळव म्हणजे मी त्या दिवशी सुट्टी घेतो."

"ताईची म्हणजे?" आईने विचारले.

दोघेही सूप ढवळू लागले. लीच्यू उठली. "मी विहीर बघून येते."

---

विहीर घरामागे तीस पावलांवर. लीच्यू वाऱ्यात डोळे मिटत गेली. टँकर वळवण्यासाठी युतेने कुंपण काढले होते. चाकांनी जमीन घासून टाकली होती. आणि तिला लगेच दिसले, जे इतके दिवस कोणी खाली वाकून पाहिले नव्हते. टँकरचे मागचे चाक कठड्याला लागून सिमेंटला बोटभर भेग गेली होती. ती भेग कठड्याभोवतीच्या फरशीतून सरळ पलीकडच्या वाफ्यापर्यंत गेली होती.

वाफा आईचा होता. कांद्याची पात, लसूण, थोडी कोथिंबीर. आजूबाजूला डोंगरापर्यंत सगळे पिवळे पडलेले, पार्कातल्या साहेबांच्या हिरवळीसुद्धा वाळलेल्या, आणि आईची पात गुडघ्याएवढी, काळपट हिरवी, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी.

लीच्यू वाफ्याशी उकिडवी बसली. तिला वास आला. मग भिंतीला टेकून ठेवलेले झाकणाचे चार प्लॅस्टिकचे डबे दिसले, आणि डोक्यात सगळे एकदम जुळले.

"पात बघितलीस?" मागून आई आली होती. तिच्या आवाजात इतका अभिमान होता की लीच्यूला वळवेना. "सगळं गाव विचारतं, न्यूकमोई, काय घालतेस? मी सांगत नाही."

"काय घालतेस, आई?"

"जुनं खत. माझ्या आईनं शिकवलेलं. पाऊस गेल्यापासून मी संडासात पाणी ओततच नाही. डब्यात धरते, दोन दिवस मुरवते, भांड्यांच्या धुणावळीत मिसळून घालते. शेजारच्या त्सेंगबाई आणि त्यांची जाऊ, त्याही आणून देतात." तिने लेकीच्या कानाशी येऊन सांगितले. "एका वेळेला सात लिटर पाणी वाचतं. मोजलंय मी. एवढं विहिरीत राहतं ना? कंपनीला तेवढंच जास्त. तुझा दादा म्हणतो, थेंब थेंब महत्त्वाचा. मग म्हटलं, आपण म्हातारीनं एवढं तरी करावं."

आयुष्यभर लीच्यू कारणे शोधत आली होती. कारण सापडले की तिला आनंद व्हायचा, भूक लागायची. आज सापडले आणि तिला वाटले, सापडले नसते तर बरे झाले असते. अहवालात हे लिहायचे? चुआंगसाहेब वाचणार, त्यांच्या वरचे वाचणार, पार्कातला प्रत्येक पाणीवाला जेवणाच्या सुट्टीत हसणार. आणि आईला कळणार की तिने वाचवलेल्या पाण्याने नवऱ्याची कंपनी बुडत होती.

"छान आहे पात," ती म्हणाली.

---

परत आल्यावर तिने वेनलुंगला खालच्या मजल्यावर गाठले. इथे पूर्वी कंपनीचे पहिले वर्कशॉप होते. आता टेबल, प्रिंटर आणि जुन्या पाइपांचा ढीग. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"माझं नाव ठेव," ती म्हणाली.

वेनलुंगने मान वर केली. या बहिणीने आयुष्यात एकदाही, बुद्धिबळाच्या डावातसुद्धा, हार मानली नव्हती. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या एका झडपेवरून ती त्याच्याशी अकरा दिवस बोलली नव्हती.

"काय सापडलं तुला तिथं?"

"काही नाही. आराखड्यातली चूक. तू लिहिलंयस तसंच. पाठव."

वेनलुंगने कागदाला हात लावला नाही. तो खिडकीशी गेला. तिथून वाफा दिसत होता, डबे दिसत होते, आई वाकून पात खुडत होती. त्याला शाळा आठवली. रोज सकाळी अंगणातली मुताची बादली मळ्यावर नेऊन ओतणे हे त्याचे काम होते, आणि वर्गातली पोरे त्याला पाहून नाक धरायची. म्हणूनच तर तो या घरातून पळाला होता, टाय बांधायला शिकला होता, सगळ्यात स्वच्छ धंद्यात शिरला होता.

"अरे देवा," तो म्हणाला. "आई."

"हळू बोल."

"आणि तू तिच्यासाठी…"

"हळू बोल म्हणते ना!"

जिन्यावरून युते आणि शूह्वे खाली आले. या दोघांचे चेहरे बघून युतेने खिडकीबाहेर बघितले. तो शेतकरी होता. त्याला सांगावे लागले नाही. कोण कुणाच्या बाजूला, हे जेवणाच्या टेबलावर ज्याला त्याला पक्के ठाऊक होते. आता ती तिघे भावंडे टेबलाभोवती चोरासारखे उभे होते, आणि कुणाचे कुणाशी भांडण होते ते कुणालाच आठवत नव्हते.

"माझं नाव घाला," युते म्हणाला. "म्हणा भावानं युरिया टाकला. अडाणी शेतकरी आहे, सांगितलं नाही. मला कुठल्या फाटकातून आत जायचंय? संत्री मला ओळखपत्र विचारत नाहीत."

"खोटं लिहायचं? त्यांनी माती तपासली तर?" लीच्यू म्हणाली.

"मग दोन गोण्या आणून ओततो आत्ता!"

"वेडा आहेस का? विहिरीत आणखी ओततोस?"

"मग तू काय करतेयस? तू स्वतःलाच ओततेयस!"

"कसला युरिया?" आई दारात उभी होती. एका हातात कापलेले पेरू, दुसऱ्यात पातीची जुडी. "ह्यानं दोन वर्षांत युरियाची गोणी आणलेली नाही. मी रोज बघते. काय खोटं बोलतोस रे, युते?"

मग ती लेकीकडे वळली.

"लीच्यू, युरिया म्हणजे काय?"

लीच्यूने ओठ घट्ट मिटले. वेनलुंग खिडकीकडे वळला. युते पाइप मोजू लागला. शूह्वेने या तिघांकडे पाहिले. पन्नाशीची मुले, आईला काचेच्या भांड्यासारखी सांभाळत होती, आणि त्यासाठी आपल्यातली एक रस्त्यावर टाकायला तयार झाली होती. पंचवीस वर्षे ती या घरात गप्प बसली होती. सून आहे, परकी आहे, तिने का बोलावे. आज तिला वाटले, परकी आहे म्हणूनच बोलले पाहिजे.

"आई," ती म्हणाली, "युरिया लघवीत असतो. सगळ्या माणसांच्या."

"शूह्वे!" वेनलुंग ओरडला.

"विहिरीचा कठडा टँकरनं फुटलाय. तुमच्या वाफ्यातलं पाणी आत झिरपतं. ते कारखान्यात गेलं. आणि ही तिघं तुम्हाला सांगत नाहीत, म्हणून लीच्यूचं नाव देऊन तिला काढून टाकणार आहेत. कागद तयार आहे, त्या बॅगेत."

आईने पेरूची बशी टेबलावर ठेवली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मान, कान सगळे लाल. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ हातातली पात बघत राहिली. शूह्वेला वाटले, आपण चूक केली, ही बाई आता पुन्हा कधी मान वर करून गावातून चालणार नाही.

"किती दिवस?" आईने विचारले.

"नऊ दिवस," शूह्वे म्हणाली.

"आणि वर मी रोज दोन डबे जास्त घालत होते. पाणी वाचावं म्हणून." ती रडली नाही. मग तिने वेनलुंगकडे बघितले. "कागद काढ."

"आई, तू वर जाऊन पड जरा. आम्ही बघतो."

"तुम्ही काय बघता ते मी बघितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्यासी स्वतःच गळा पुढे करतेय! बस तिथं. लिही. कारण: म्हातारीचं मूत."

"असं नाही लिहीत, आई."

"मग कसं लिहितात? लीच्यू, तू सांग. तुला येतं."

लीच्यूने घसा साफ केला. "विहिरीलगतच्या वाफ्यात खत म्हणून मानवी मूत्राचा वापर. टँकरच्या धक्क्यानं कठड्याला भेग, त्यातून झिरप. विहिरीच्या पाण्याची कार्बनची तपासणी झाली नाही."

"ते शेवटचं कुणी केलं नाही?"

"मी," वेनलुंग म्हणाला.

"तेही घाल. तुझ्या नावानं."

त्याने लिहिले. बोटे चुकत होती, तो खोडून परत लिहीत होता. युतेने न विचारता मध्येच सांगितले, "कुंपण मी काढलं, तेही घाल. चाक त्यामुळंच लागलं." वेनलुंगने तेही घातले.

"आता जबाबदार व्यक्ती," तो म्हणाला. "इथं… एकच नाव लागतं."

"फान-फंग न्यूकमोई. माहेरच्या नावासकट लिही, पूर्ण."

"पद?"

आईला या कंपनीत कधीच पद नव्हते.

"रेझिन धुणारी," ती म्हणाली. "ह्याच खोलीत. तुझे बाबा कारखाने फिरायचे आणि मी आठ वर्षं टबात हात घालून रेझिन धुवायची, आधी आम्लात, मग सोड्यात. पहिलं माझ्या हातांनी धुतलेलं पाणी पार्कात गेलं. त्या माहितीपत्रकात बाबांचा फोटो आहे, विहिरीचा आहे, आपला कुत्रा आहे. मी नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण गप्प बसले, म्हटलं संसार आहे. एकदा बाईचं नाव राहिलं की परत कुणी लिहीत नाही, वेनलुंग. हिचं लिहिलेलं होतं, ते तू खोडायला निघालास."

वेनलुंग खाली मान घालून टाइप करत राहिला. त्याच्या शर्टावरचा डाग सुकून तपकिरी झाला होता. "ताईचं नाही खोडणार," तो एवढेच म्हणाला, आणि आपल्यापेक्षा लहान बहिणीला आपण ताई म्हटले हे त्याच्या लक्षातही आले नाही.

पाचला सात मिनिटे असताना अहवाल गेला. पाचला दोन मिनिटे असताना चुआंगसाहेबांचा फोन आला. वेनलुंगने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"फानसाहेब, मी दोनदा वाचलं. ही न्यूकमोई बाई कोण? आमच्या प्रवेश यादीत असं कुणी नाही."

"आई आहे माझी."

"माझी आई मियाओलीला असते," चुआंगसाहेब म्हणाले. "तिची पण पात फार चांगली येते." मग त्यांना आपले पद आठवले असावे. "उद्याच्या बैठकीचं मी काही सांगू शकत नाही. हे वर जाईल. वर काय म्हणतील, देव जाणे. आणि अभियंता? बदलताय?"

"नाही," वेनलुंग म्हणाला. "विहीर बंद करतोय. अभियंता उद्या सहा वाजता तुमच्या फाटकावर असेल. शुद्ध करायचं ते तीच करील."

फोन बंद झाला. लीच्यूने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती रडू लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. शूह्वेने तिला जवळ घेतले. युते बाहेर गेला आणि टँकरवाल्यांना ओरडून परत पाठवू लागला.

आई मात्र बसूनच होती. कुणी आपल्याकडे बघत नाही असे पाहून तिने वेनलुंगच्या बाहीला हात लावला.

"तो कागद," तिने हळूच विचारले, "एक मलाही काढून देशील का?"

प्रिंटर कुरकुरला. कागद गरम निघाला. तिला वाचायला फारसे येत नव्हते, म्हणून तिने आपले नाव कुठे आहे ते विचारले, आणि वेनलुंगने तिचे बोट धरून त्यावर ठेवले.